नाडीचे ठोके आणि हर्ट्झ

मनगटावर बोटे ठेवली की नाडीचे ठोके जाणवतात. एकच क्रिया पुन्हा पुन्हा होत असते. एका सेकंदात ती जितक्या वेळा होते, त्या संख्येला वारंवारता म्हणतात. ती क्रिया एकदा पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेला आवर्तकाल म्हणतात.

वारंवारता हर्ट्झ या एककात मोजतात. सेकंदाला एक आवर्तन म्हणजे १ हर्ट्झ. हाइनरिक हर्ट्झ (१८५७–१८९४) या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. त्यांचेच नाव या एककाला दिले आहे.

वारंवारता वाढली की आवर्तकाल कमी होतो. १ ला वारंवारतेने भागले की आवर्तकाल मिळतो आणि १ ला आवर्तकालाने भागले की वारंवारता मिळते. आपल्या घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. म्हणून तिचा आवर्तकाल १ ÷ ५० = ०.०२ सेकंद, म्हणजे २० मिलिसेकंद.

एका मुलाने आपली नाडी मोजली. मिनिटाला ७५ ठोके पडले. त्याने लगेच १ ला ७५ ने भागले आणि म्हणाला, "आपा, माझा एक ठोका १/७५ सेकंदाचा!"

आपा हसून म्हणाली, "अरे, मग तुझे हृदय सेकंदाला ७५ वेळा धडधडते की काय? हे ठोके मिनिटाचे आहेत. आधी सेकंदाचा हिशेब कर."

मुलाने पुन्हा गणित केले.
७५ ÷ ६० = १.२५ हर्ट्झ
१ ÷ १.२५ = ०.८ सेकंद

भागाकार आधीही बरोबर होता; चुकले होते ते एकक. म्हणून आधी एकक पाहावे, मग भागाकार करावा. शेवटी उत्तर पटते का, तेही पाहावे.

मोठ्या वारंवारतांसाठी हे लक्षात ठेवा :
१ किलोहर्ट्झ (१,००० हर्ट्झ) – आवर्तकाल १ मिलिसेकंद
१ मेगाहर्ट्झ (१० लाख हर्ट्झ) – आवर्तकाल १ मायक्रोसेकंद
१ गिगाहर्ट्झ (१०० कोटी हर्ट्झ) – आवर्तकाल १ नॅनोसेकंद

वारंवारता ५ मेगाहर्ट्झ असेल, तर आवर्तकाल १ ÷ ५ = ०.२ मायक्रोसेकंद.

शब्दार्थ
आवर्तन – एक पूर्ण फेरी
एकक – मोजण्याचे ठरलेले माप
अस्तित्व – असणे

स्वाध्याय
१. मुलाचे पहिले उत्तर का चुकले?
२. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो. त्याची वारंवारता व आवर्तकाल काढा.
३. आवर्तकाल २ मिलिसेकंद असल्यास वारंवारता किती हर्ट्झ?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : वाढणे, मोठा, बरोबर.
५. स्वतःची नाडी एक मिनिट मोजा आणि एका ठोक्याचा आवर्तकाल काढा.