मिठातलं सोडियम गेलं कुठे?

प्रश्न : मुलाच्या प्रयोगासाठी पेन्सिलीतली दोन शिसं मिठाच्या दाट पाण्यात बुडवून 9 व्होल्टच्या बॅटरीला जोडली. एका शिसाशी भराभर बुडबुडे, दुसऱ्याशी जेमतेम. पण वास पोहण्याच्या तलावासारखा. तो क्लोरीन, हे कळलं. मग मिठातलं सोडियम कुठे गेलं?

उत्तर : कुठेही नाही, ते पाण्यातच आहे. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं शिसं म्हणजे ऋणाग्र. तिथे मिळणारे इलेक्ट्रॉन घ्यायला सोडियमचे आयनही असतात आणि पाणीही. सोडियमच्या आयनाचा धातू करायचा तर प्रमाण विभव उणे 2.71 व्होल्ट, उदासीन पाण्यातून हायड्रोजन काढायला मात्र उणे 0.41 पुरतो. साहजिकच पाण्याचा नंबर आधी लागतो. पाण्याचे दोन रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतात, हायड्रोजनचा एक रेणू सुटतो आणि हायड्रॉक्साइडचे दोन आयन मागे उरतात. सोडियम आयनच राहतं, फक्त त्याचा जोडीदार बदलतो. मिठाच्या जागी कॉस्टिक सोडा तयार होतो.

खात्री करायची तर पाण्यात चिमूटभर हळद घाला. ऋणाग्राभोवती ती लालसर होईल. शर्टावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो ना, तसाच. धन टोकाला जोडलेल्या शिसापाशी, म्हणजे धनाग्रापाशी, मात्र क्लोरीन हळदीचा रंगच उडवतो.

धनाग्रावर क्लोराइडचे दोन आयन एकेक इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीनचा रेणू होतात. हा वायू पाण्यात बराच विरघळतो, म्हणून तिथले बुडबुडे कमी दिसले. खरं तर हिशेबाने तिथे ऑक्सिजन सुटणं किंचित सोपं. पण पेन्सिलीच्या शिसातल्या ग्रॅफाइटवर त्याला जादा व्होल्टेज लागतं, शिवाय दाट द्रावणात क्लोराइड मुबलक. मीठ कमी केलंत की ऑक्सिजनचा वाटा वाढतो. प्रयोग खिडकी उघडी ठेवून, थोडाच वेळ करा. त्या पाण्यात बोट घालू नका.

तुमच्यासारखाच अनुभव रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीलाही आला होता. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीच्या पाण्यातल्या द्रावणातून वीज सोडली, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच हाती लागले. 1807 मध्ये त्याने कॉस्टिक सोडा पाण्यात न विरघळवता, विजेनेच वितळू दिला, तेव्हा कुठे सोडियम दिसलं. आजही हा धातू वितळलेल्या मिठातून काढतात. तिथे रांगेत पुढे घुसायला पाणीच नसतं.