हिशेबाचा धडा : एका किलोचा भाव आणि पट्टीवरचे पैसे

सोयाबीन विकलं की घरात हिशेबपट्टी येते. बहुतेक घरांत ती घडी होऊन डब्याखाली जाते. पैसे किती आले हे सगळे विचारतात. ते तेवढेच कसे आले, हे कुणी विचारत नाही. म्हणून या वेळचा धडा त्या पट्टीवरच.

भाव क्विंटलचा असतो आणि आपला माल असतो कट्ट्यात, तिथंच गोंधळ होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. आदल्या वर्षी तो ४,८९२ होता. क्विंटल म्हणजे १०० किलो, म्हणून भावाला शंभरानं भागा. एका किलोला ५३ रुपये २८ पैसे झाले. आता हे एका ओळीत लिहू :

रक्कम = ५३.२८ × किलो

याला समीकरण म्हणतात. मुलांच्या वहीत हेच र = ५३.२८ × क असं दिसेल. अक्षर बघून बिचकू नका. ‘क’ ही रिकामी जागा आहे. ज्या दिवशी जेवढे किलो भरतील, तेवढे तिथं ठेवायचे. साडेसदतीस किलो भरलं तर ५३.२८ × ३७.५ = १,९९८ रुपये. माल दुप्पट तर पैसे दुप्पट, माल अर्धा तर पैसे अर्धे, माल शून्य तर पैसे शून्य. असं जिथं होतं तिथं त्या दोन गोष्टी समप्रमाणात आहेत असं म्हणायचं. जुन्या माणसांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असायची, तिचंही काम हेच. फक्त तिला कागद लागत नसे.

आता गावातल्या काट्यावर या. समजा भाव निघाला ४,२०० रुपये, म्हणजे किलोला ४२. तुमचे १२ कट्टे, प्रत्येकी ६० किलोचे. ७२० किलो झाले. ४२ × ७२० = ३०,२४० रुपये यायला हवेत. पट्टीवर मात्र २९,७३६ लिहिलेत. ५०४ रुपये कमी.

इथं समीकरण उलटं चालवा. रकमेला भावानं भागलं की किलो निघतात : ५०४ ÷ ४२ = १२ किलो. कट्टे १२ आणि कमी झालेले किलोही १२! म्हणजे कट्ट्यामागं एक किलो कापलाय. याला कडता म्हणतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “बारदानाचं वजन, ताई.” मग रिकामं बारदानच काट्यावर ठेवायला सांगा. तागाचं पोतं जड असतं, पण प्लास्टिकचं अगदीच हलकं. समजा बारा पोती मिळून दोन किलो भरली, तर कपात ८४ रुपयांची व्हायला हवी. उरलेले ४२० रुपये मागायला भांडण लागत नाही, पट्टीमागं केलेला गुणाकार दाखवला तरी पुरतं. मात्र तो काट्यावर उभं असतानाच करा, घरी आल्यावर नाही.

सगळंच समप्रमाणात नसतं, हेही बघा. लातूरच्या बाजार समितीत माल न्यायला टेम्पोवाला १,५०० रुपये घेतो आणि हमाली कट्ट्याला २० रुपये पडते असं धरू :

खर्च = १,५०० + २० × कट्टे

पाच कट्टे नेले तर खर्च १,६००, म्हणजे कट्ट्यामागं ३२० रुपये. पंचवीस नेले तर खर्च २,०००, म्हणजे कट्ट्यामागं फक्त ८०. माल पाचपट झाला, खर्च पाचपट झाला नाही. पाच जणींनी मिळून एकच टेम्पो करायचा तो यासाठीच. ओळखायची खूण सोपी : शून्य कट्टे नेले तरी भाडं द्यावं लागतं, म्हणून हे समप्रमाण नव्हे.

कर्जालाही हीच नजर लावा. गटात शेकडा दोन रुपये महिना असेल, तर

महिन्याचं व्याज = ०.०२ × बाकी मुद्दल

‘बाकी’ हा शब्द सोडू नका. ६,००० घेतले आणि महिन्याला १,००० मुद्दल फेडलं, तर व्याज १२०, १००, ८०, ६०, ४०, २० असं उतरत जातं, एकूण ४२०. कुणी सहाही महिने १२० च लावलं, तर ७२० होतात. शेकडा दोन दोन्हीकडं, फरक ३०० रुपयांचा. दारात येऊन कर्ज देणाऱ्याला आधी हेच विचारा : व्याज बाकीवर की सुरुवातीच्या रकमेवर? आणि फॉर्मची फी वेगळी किती?

पुढच्या बैठकीसाठी एक गणित. १०० किलो तुरीतून ७० किलो डाळ निघते असं धरा. तुम्ही ४५ किलो तूर दिली आणि डाळमिलवाल्यानं २९ किलो डाळ परत केली. डाळ किती यायला हवी होती? समीकरण लिहूनच उत्तर आणा. जिला लिहिता येत नाही तिनं तोंडी सांगावं, शेजारणीनं ते वहीत उतरवून घ्यावं.