पूर ओसरल्यावर विम्याचा दावा लावताना

बाळ, पाणी ओसरलं की हात आधी फावड्याकडे जातो. जरा दम धर. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिला टेप लावून फोटो काढ. फ्रिजच्या मागचा नंबराचा स्टिकर, फुगलेला दरवाजा, भिजलेला मीटर, सगळं टिपून ठेव. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठी नदी शिरली, तेव्हा बाजारपेठेत भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते. विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी फेकलेल्या वस्तूचं नुकसान मग सिद्ध करणं फार जड जातं. ठेवणं शक्यच नसेल तर फोटो काढून, कंपनीला मेल करून मगच टाक. तलाठ्याच्या पंचनाम्याची नक्कलही घे.

सर्व्हेअर आला की त्याच्यासोबत खोलीखोलीत फिर आणि त्याच्या अहवालाची प्रत मागून घे. रक्कम कुठे कापली ते त्यातच कळतं.

तुझी पॉलिसी काढून वाच. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी आहे. तिच्यात पूर, वादळ, दरड, भूकंप येतात. विमा कमी रकमेचा काढला होता, या कारणाने तिच्यातला दावा त्या प्रमाणात छाटता येत नाही. छाटतो असं कोणी सांगितलं तर कलम दाखवायला सांग.

फोनवरच्या नकाराला नकार समजू नकोस, कारणासकट लेखी माग. ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या व्हाउचरवर पैशांच्या नडीपायी सही करू नकोस. दबावाखाली घेतलेल्या सहीने हक्क संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये म्हटलंय खरं. पण दबाव होता हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. ते सोपं नसतं रे.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिही आणि पोच जपून ठेव. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. तिथली मुदत दोन वर्षं.

बरीच माणसं पहिल्याच नकाराला घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. तू बसू नकोस. आजच एक फाइल कर आणि पॉलिसीची प्रत पाण्यापासून लांब, माळ्यावर ठेव.