बाबालाही बोलू दे

चि. मृण्मयी,


तुझी एकांकिका मिळाली. प्रिंट काढून वाचली, कारण मोबाइलवर नाटक वाचलं की सगळी पात्रं मला एकाच आवाजात बोलताना ऐकू येतात. सांगलीच्या त्या उकाड्यात बसून तू ती शेवटापर्यंत नेलीस, याचं आधी कौतुक. अर्धवट संहितांनी पुण्यातले माळे भरलेत.

तुझे प्रश्न दोन: लिखाण बरं झालंय का, आणि मायक्रोबायॉलॉजी सोडून सरळ नाटकच शिकू का. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच पात्रापाशी येऊन अडकलेत. ते पात्र म्हणजे तुझ्या एकांकिकेतला बाबा.

हा बाबा चार वेळा रंगमंचावर येतो. चारही वेळा पेपर आपटतो, नाटकाने पोट भरतं का असं विचारतो आणि आत निघून जातो. आत जाऊन करतो काय? तुला ठाऊक नाही, म्हणून त्यालाही नाही. मी वर्षानुवर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत पुस्तक धरून उभं राहिलं की प्रेक्षक कुठल्या वाक्याला खोकायला लागतात ते बरोबर कळतं. तुझ्या बाबाच्या दुसऱ्या एन्ट्रीलाच थिएटर खोकणार. तो पुढे काय बोलणार हे लोकांना आधीच ठाऊक असणार ना!

हे पात्र कुणावरून उचललंयस ते मला कळत नाही असं समजू नकोस. दादा माझा सख्खा भाऊ आहे. तुझ्या नायिकेला बाबा फोनवर विचारतो, ‘तालमी किती वाजता संपतात?’ त्यावर ती मैत्रिणीला सांगते, ‘बघ, पुन्हा सुरू झाले.’ हाच प्रश्न दादाने तुला विचारला होता. तेव्हा मी शेजारीच बसले होते. रात्री साडेदहानंतर तुला हॉस्टेलवर कोण सोडतं, हे त्याला विचारायचं होतं. तेवढं त्याच्या तोंडून निघेना. बोलायचंय एक आणि तोंडातून निघतंय दुसरंच, अशी वाक्यं नाटककार जन्मभर शोधत असतात. तुला ते घरबसल्या मिळालं आणि तू नायिकेच्या एका शेऱ्याखाली चिरडून टाकलंस. तो शेरा काढ. त्या जागी पॉज ठेव.

एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा वाच, या वेळी त्यातल्या वहिनीसाठी. तुझं सगळं लक्ष शिकायचं राहून गेलेल्या प्रभाकडे असणार, ते साहजिकच आहे. पण घरातले सगळे दागिने अंगावर चढवून वहिनी उभी राहते, तेव्हा तिला नुसती हावरी म्हणून मोकळं होता येत नाही. त्या घरात तिने काढलेली सगळी वर्षं तिच्यामागे उभी असतात. एलकुंचवार कुणालाच सोडत नाहीत, पण प्रत्येकाला आपली बाजू मांडायला जागा देतात. तेवढी जागा तुझ्या बाबाला दे. त्याला एकदा जिंकू दे. नायिकेला उत्तर सुचणार नाही असा एखादा मुद्दा त्याच्या तोंडी घाल. मग तिचा निर्णय खरा निर्णय होईल. सध्या ती भिंतीशी भांडतेय.

आता शिक्षणाचं. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकले आणि पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात 1996 पर्यंत नोकरीत होते. त्यांचं ‘महानिर्वाण’ 1974 चं, ‘बेगम बर्वे’ 1979 चं, म्हणजे दोन्ही नोकरीच्या काळातली. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. ही नावं दादासमोर फेकण्यासाठी मी देत नाहीये, तू तेच करशील म्हणून आधीच सांगते. नोकरी लिखाण खाते, हेही तितकंच खरं आहे. तेंडुलकरांनी तर शाळाच अर्धी सोडली आणि लेखणीवर पोट भरलं. दोन्ही वाटांनी माणसं पोचलीत आणि दोन्ही वाटांवर अडकलीतही. तुझं एकच वर्ष राहिलंय. ते पुरं कर. ललित कला केंद्र कुठे पळून जात नाही, आणि प्रयोगशाळेत कल्चर वाढायची वाट बघत बसणारी माणसं मराठी नाटकात अजून फारशी आलेली नाहीत. तुला ती जवळून दिसतायत. लिही त्यांच्यावर.

पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी ग्रुप आपली संहिता घेईल की नाही, याचा घोर तुला लागलाय. नाही घेतली तर बॅकस्टेज कर, लाइट्स कर, दुसऱ्याच्या वाक्यांवर नट कुठे अडखळतो ते बघ. तेंडुलकरांचं ‘गृहस्थ’ 1955 मध्ये सपशेल पडलं होतं. पुढे त्यांनी तेच नव्याने लिहून ‘कावळ्यांची शाळा’ केलं. त्यांच्याच ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात झाला, काही प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच नाटक थांबवलं. मग त्यातली मंडळी बाहेर पडली, थिएटर अॅकॅडमी काढली आणि 1974 मध्ये ते पुन्हा उभं केलं. स्पर्धेचं म्हणशील तर 2022 ला परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक एकाही एकांकिकेला दिला नव्हता. केवढी आरडाओरड झाली तेव्हा! त्या मुलांचे प्रयोग मात्र झाले होते आणि लोकांनी ते पाहिले होते.

म्हणून निवडीची वाट बघत बसू नकोस, वाचन कर. जून लागला की पुण्यात आल्या आल्या माझ्याकडे वाचन ठेवू. सहा-सात जण आण, पोहे माझे. तू स्वतः वाचायचं नाहीस, कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसायचं. वाचणाऱ्याची जीभ जिथे अडखळेल तिथे खूण कर, आणि कुणी काही विचारलं तर लेखिका म्हणून खुलासे करत बसू नकोस. बाबाची भूमिका पंचविशीच्या पोराला देऊ नकोस. आमच्या सोसायटीतले निवृत्त काका वाचतील, त्यांना हौस आहे.

आणि सांगलीहून निघण्याआधी ही प्रत दादाला वाचायला दे. नवी नव्हे, हीच. तो लाल पेनाने व्याकरणाच्या चुका काढून परत देईल आणि बाकी चकार शब्द बोलणार नाही. चुका दुरुस्त कर, मग चौथा प्रवेश पुन्हा लिहायला घे.

तुझी,
माईआत्या