जुन्या दुखण्याला गाण्याची सोबत



आजारी माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इस्पितळातील खाट येते. परंतु आपल्यातील कितीतरी जण चूल सांभाळत, वाडीत पाणी लावत किंवा विरार लोकलमध्ये उभे राहून रोजचे दुखणे सोसत असतात. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, तर कुणाला नागीण बरी होऊन गेली तरी मागे राहिलेली आग. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अशा वेदनेला डॉक्टर दीर्घकालीन वेदना म्हणतात. ती पुष्कळदा पूर्ण जात नाही. मग तिच्यासह दिवस कसा काढायचा, हा खरा प्रश्न असतो. त्यात संगीताचा काय उपयोग होतो, ते आज पाहू.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील सोळावा अध्याय आपल्याला माहीत आहे. शौल राजा अस्वस्थ झाला की दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरे वाटे. दुखणे मनाचे होते, शरीराचे नव्हते, हे खरे. पण आपण ही गोष्ट इथेच थांबवतो. पुढे अठराव्या अध्यायात तोच दावीद, तीच वीणा वाजवत असताना शौलाने त्याच्यावर भाला फेकला. वाद्य तेच, वाजवणारा तोच, परंतु ऐकणाऱ्याचे मन बदलले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण वेदनेवर संशोधन करणाऱ्यांनाही जवळपास असेच काही दिसले आहे.

1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की मज्जारज्जूमध्ये जणू एक फाटक असते. शरीराकडून आलेला वेदनेचा निरोप त्यातून मेंदूकडे जातो. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, तेव्हा चोळण्याच्या स्पर्शाने हे फाटक थोडे लोटले जाते. मेंदूही वरून ते कमी-जास्त उघडू शकतो. भीती, एकटेपणा आणि जागरण यांनी ते सताड उघडते. मन आवडीच्या गोष्टीत रमले की अर्धवट मिटते. या कल्पनेच्या तपशिलात पुढे बरीच दुरुस्ती झाली, पण वेदना किती जाणवावी यात मेंदूचाही वाटा असतो, ही गोष्ट कायम राहिली.

म्हणूनच, "गाणी ऐकताना बरे दुखत नाही!" हा टोमणा घरात कुणी मारू नये. गाण्याने दुखणे कमी वाटले म्हणजे ते खोटे होते असे नव्हे. चोळल्याने बरे वाटले म्हणून गुडघा आपटलाच नव्हता, असे आपण म्हणतो का?

आता उपयोग किती होतो? उगाच मोठी आशा दाखवणे बरे नाही. 2006 साली संगीत आणि वेदना यांवरील अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वेदना कमी होते, पण थोडीच, असे दिसले. मात्र ज्याचे दुखणे रोजचे आहे, त्याला थोडेही थोडे नसते. फ्रान्समधील माँपेलिए येथे जुनी कंबरदुखी, फायब्रोमायल्जिया व अशाच इतर वेदना असलेल्या 87 रुग्णांवर अभ्यास झाला व तो 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर दहा दिवस, दिवसातून किमान दोनदा संगीत ऐकवले. त्यांची वेदना आणि चिंता इतरांपेक्षा कमी झाली. चिंतेवरील गोळ्याही कमी लागल्या. तिथली पद्धत साधी होती: सुरुवातीला जरा चालीवरचे संगीत, मग हळूहळू अगदी संथ, आणि शेवटी पुन्हा थोडी गती.

दीर्घकालीन वेदनेवरील अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्याने निवडून दिलेल्या संगीतापेक्षा रुग्णाने स्वतः निवडलेल्या संगीताचा गुण जास्त येतो. इथे आपले चुकते. आजारी माणसाच्या उशाशी आपण न विचारता भक्तिगीतांची सीडी किंवा मोबाईल लावून ठेवतो, तोही दिवसभर. हेतू चांगला असतो. पण आजोबांना कदाचित लतादीदींचे जुने गाणे हवे असेल, आजीला लग्नात म्हटलेली कादोडी गाणी, तर एखाद्याला बँजो पार्टीची धून. आजारपणात असे काही ऐकणे म्हणजे श्रद्धा कमी, असे मुळीच नाही. ज्याला भक्तिगीत हवे त्याला ते जरूर द्यावे. पण आधी विचारावे. एखादे गाणे दिवंगत पतीची किंवा मुलाची आठवण उघडी करते, आणि वेदना वाढते, हेही घडू शकते.

करून पाहायचे असेल तर असे करा. नातवंडांकडून आवडीची सात-आठ गाणी मोबाईलमध्ये क्रमाने घालून घ्या. वेळ ठरवा, दुखणे शिगेला पोहोचण्याची वाट पाहू नका. रात्री त्रास वाढत असेल तर झोपण्याआधी अर्धा तास ऐका. आवाज बेताचा ठेवा, पाठीला आधार द्या, श्वास सावकाश सोडा. टीव्ही आणि गाणे एकदम नको. ऐकण्याआधी आणि नंतर वेदनेला शून्य ते दहामध्ये आकडा देऊन वहीत लिहा. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर गाणी बदलून पाहा. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम किंवा ओटीवरच्या येरझाऱ्या करताना ठेक्याचे गाणे लावले तर पाय उचलायला मदत होते. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाशी आवाज चढवू नये. आधी कानाचे यंत्र बघावे.

ऐकण्याबरोबर गाणेही आहे. इंग्लंडमधील रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांना 2012 साली आढळले की स्वतः गाणाऱ्या, नाचणाऱ्या किंवा ढोल वाजवणाऱ्यांची वेदना सोसण्याची शक्ती त्यानंतर वाढलेली होती. नुसते ऐकणाऱ्यांत तसे दिसले नाही. ते लोक रुग्ण नव्हते, हे सांगायला हवे. तरीही गुडघ्यामुळे गायनमंडळ सोडलेल्यांना बसून गाण्यासाठी परत बोलावता येईल. माळ्यावर चढता येत नसेल तर खाली, पहिल्या बाकावर जागा करता येईल.

गाण्यामुळे बरे वाटले म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना वही दाखवा. कंबरदुखीबरोबर पाय बधिर किंवा लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप येणे किंवा वजन उतरणे यांपैकी काही दिसले तर गाणी बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांना आणि भेटीस जाणाऱ्या गटांना एक विनंती. प्रार्थना झाल्यावर निघण्याची घाई न करता, "तुम्हाला कोणते गाणे आवडते?" असे विचारा. उत्तर यायला कधी वेळ लागतो. कित्येकांना हा प्रश्न बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेला नसतो.