‘सब’ या उपसर्गाविषयी थोडेसे

प्रवेशाचे अर्ज भरून घेताना ‘सब-कास्ट’ हा रकाना आला, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून आलेले मूल अडखळते. “सर, सब म्हणजे खालचा ना?” हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे.

‘सब’ हा लॅटिन उपसर्ग. त्याचा मूळ अर्थ ‘खाली’ असाच आहे. मराठीने मात्र त्याला एकच प्रतिशब्द दिला नाही. सब-रजिस्ट्रार हा दुय्यम निबंधक. तेथे अधिकाराची पायरी खरोखरच आहे. सब-कमिटी ही उपसमिती. सब-सेक्शन मात्र पोटकलम, आणि सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा पोटहिस्सा. पोटहिस्स्याची माती हलकी नसते. ती मूळ गटाच्या पोटातली असते, इतकेच. ‘सब-कॅटेगरी’ हा शब्द याच अर्थाने घ्यावयाचा : मोठ्या वर्गाच्या आतला, अधिक नेमका वर्ग. आम्हांस म्हणूनच ‘उपवर्ग’पेक्षा ‘पोटवर्ग’ हा शब्द अधिक रुचतो.

मुलाची शंका तरीही अस्थानी नाही. जातिव्यवस्थेने पोटजातींतही पायऱ्या रचल्या. आधी पोटजाती मोडाव्यात हा उपाय बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंहार’ या निबंधात अपुरा ठरविला. पोटजाती एक झाल्या तरी जात उरतेच, प्रसंगी अधिक बळावते, हे त्यांनी दाखविले.

कातकऱ्यांतही सोन कातकरी स्वतःस ढोर कातकऱ्यांहून वरचे मानीत आले. अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र ही नावे एकाच नोंदीत शेजारी शेजारी आहेत; तेथे वर-खाली नाही. शिवाय कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे कातकरी ही राज्यातील विशेष असुरक्षित जमात मानली जाते. तेथे वर्ग अरुंद केला, तो मोठ्या वर्गात ही माणसे दिसेनाशी होऊ नयेत म्हणून.

या नेमकेपणाचा एक काच आहे, तो पालकांनी ध्यानी घ्यावा. यादीत नसलेले नाव एखाद्या मोठ्या नावात अंतर्भूत आहे, असे पुराव्याने सिद्ध करू देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली मिलिंद खटल्यात दिला. यादीत बदल करणे संसदेच्याच हाती आहे. कोळी महादेव आणि कोळी मल्हार या यादीतील स्वतंत्र नोंदी आहेत. पहिलीच्या दाखल्यावर नुसते ‘कोळी’ लिहिले गेले, तर पुढे जातपडताळणीच्या वेळी तेच मूल वर्षानुवर्षे हेलपाटे घालते. दाखला हाती येताच नोंद अक्षरशः वाचून पाहावी, आणि चूक असल्यास मूल शाळेत असतानाच ती दुरुस्त करून घ्यावी.