ऑक्सफर्डचा वसंत आणि आमचा वैशाख

'पुणे म्हणजे पूर्वेचे ऑक्सफर्ड' हे वाक्य मी शाळेपासून निबंधांत लिहीत आले. गुणही मिळाले. पण ते ऑक्सफर्ड आहे तरी कसे, हे जाणून घ्यावे असे मला कधी वाटले नव्हते. मळवलीहून लोकलने तासा-सव्वा तासात पुणे येते, तेही मी धड पाहिले नव्हते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वैशाखात वर्गातील काही मैत्रिणींबरोबर येरवड्याचे डेक्कन कॉलेज पाहिले, त्यानंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, त्याचा हा गोषवारा.

ऑक्सफर्डला स्थापनेची तारीख नाही. १०९६ साली तेथे अध्यापन चालू होते एवढे नक्की. थेम्स आणि चेरवेल या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावात विद्यापीठाला वेगळे आवार असे नाही. गावभर विखुरलेली महाविद्यालये मिळूनच विद्यापीठ होते. बहुतेक महाविद्यालयांना स्वतःचा दरवाजा, आतला चौक, प्रार्थनामंदिर, भोजनगृह आणि ग्रंथालय. विद्यार्थी राहतो-जेवतो महाविद्यालयात. परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची. आपल्याकडील 'संलग्न' महाविद्यालयांची पद्धत याहून निराळी आहे. ती १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावरून आली. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ झाले, आणि २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

ऑक्सफर्ड पाहावे ते वसंताच्या उत्तरार्धात, असे म्हणतात. १ मे रोजी पहाटे सहा वाजता मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो आणि खाली रस्त्यावर गाव गोळा होते. जूनच्या आरंभी रात्री नऊपर्यंत उजेड असतो. हाच काळ परीक्षांचा. काळा झगा घातलेले परीक्षार्थी छातीवर कार्नेशनचे फूल लावतात. पहिल्या पेपरला पांढरे, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्याला लाल. आमच्या मावळात याच दिवसांत राब भाजून झालेले असतात, डोंगर उघडे पडलेले असतात, आणि बायका करवंदांच्या पाट्या घेऊन स्टेशन गाठतात. माझी आईही त्यांत असते.

आता डेक्कन कॉलेजकडे वळू. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेपासून या संस्थेचा इतिहास सुरू होतो. १८६८ साली ती येरवड्याच्या दगडी इमारतीत आली. लोकमान्य टिळक येथेच शिकले. त्यांची खोली आम्हांस दाखविण्यात आली. पण त्याच कॉलेजात शिकलेल्या एका मुलीचे नाव मला पुढे पुस्तकात भेटले. ते नाव कॉर्नेलिया सोराबजी.

१८६६ साली नाशिक येथे जन्मलेली ही मुलगी वाढली पुण्यात. कॉलेजात सगळी मुलेच. ती एकटी मुलगी. पदवी परीक्षेत कॉलेजात ती पहिली आली. पहिल्या येणाऱ्यास विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळे. ती स्त्री असल्याने तिला नाकारण्यात आली. इंग्लंडातील काही हितचिंतकांनी पैसे जमविले; त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. कायद्याची बी.सी.एल. परीक्षा पुरुषांबरोबर देण्यासाठी तिच्याकरिता विद्यापीठास खास ठराव करावा लागला. १८९२ साली ती परीक्षेस बसली व उत्तीर्ण झाली. पण पदवी नाही! ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली १९२० साली. कॉर्नेलियाबाईंना ती मिळाली १९२२ मध्ये. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षे गेली. लक्षात घ्या, मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांना त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. ज्या नगरीचा आपण आदर्श म्हणून उल्लेख करतो, ती या एका बाबतीत आपल्या मागे होती.

केंब्रिजची गोष्टही वेगळी नाही. १८९९ साली आपले र. पु. परांजपे तेथे सीनियर रँग्लर झाले, तेव्हा महाराष्ट्रभर आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण त्याआधी नऊ वर्षे, १८९० साली, फिलिपा फॉसेट हिने त्याच परीक्षेत सीनियर रँग्लरहूनही अधिक गुण मिळविले होते. तिला ना तो मान मिळाला, ना पदवी. केंब्रिजने स्त्रियांना पदव्या दिल्या त्या १९४८ पासून.

हे सारे मी एका रात्री घरी सांगितले. त्याला कारणही होते. पुढे एम.ए.साठी पुण्यात राहायचे तर खर्च आहे, आणि धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. आत्याने निकाल देऊन टाकला होता, "पैसं लावायचं तर पोराला लावा. पोरगी काय, परक्याचं धन." आबा त्यावर काही बोलले नव्हते. कॉर्नेलियाची गोष्ट ऐकून आई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "पयली आली, तरी न्हाई दिलं?" मी म्हटले, "नाही दिलं." ती पुन्हा भाकरी थापू लागली. थोड्या वेळाने आबांकडे न बघताच म्हणाली, "दोघांचंबी बघाया लागंल."

निर्णय अजून झालेला नाही. आबा हिशेब मांडताहेत, आणि भाऊ हुशार आहे. त्याचे शिक्षण थांबावे असे मला मुळीच वाटत नाही. एवढे मात्र कळले की दरवाजे दगडी असोत वा घरातले, ते आपोआप उघडत नाहीत. कोणीतरी ठराव मांडावा लागतो. ऑक्सफर्डात तो विद्वानांनी मांडला. आमच्या घरी तो चुलीपाशी मांडला गेला, आणि मांडणारीला सही करता येत नाही.

पुणे पूर्वेचे ऑक्सफर्ड आहे की नाही, यावर विद्वानांनी वाद घालावा. मावळातून तेथवर जाणाऱ्या लोकलमध्ये मुली किती बसतात, हे मी मोजीत राहीन.